माळेतून सुटलेली कवडी

मी एक कवडी. फुटकी नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण तुम्हा माणसांच्या तोंडी माझं नाव आलं की त्याच्या मागं-पुढं काहीतरी हिणवणारं असतंच. कवडीची अक्कल नाही म्हणता, कवडीमोल म्हणता, आणि तुळजापूरला गेलात की मलाच माळेत ओवून भक्तीनं गळ्यात घालता. मला याचा राग येत नाही. तुमची गंमत वाटते.

सध्या माझा मुक्काम एसटीत आहे. एका मुलीच्या कंपासपेटीत, खोडरबराच्या शेजारी. धाराशिवकडच्या वाशीहून निघालोय आणि अजून बार्शीही आलेली नाही, तेव्हा तुमच्याशी बोलायला वेळच वेळ आहे.

माझा जन्म समुद्रातला. केरळच्या किनाऱ्यापासून लांब आत, प्रवाळाच्या कड्यानं अडवून धरलेलं एक उथळ पाणी आहे. कुठं कंबरभर, कुठं दोन पुरुष खोल. तिथं एका दगडाच्या पोटाखाली माझ्या आईनं अंडी घातली आणि ती त्यांच्यावर बसून राहिली. अंड्यातून निघालो तेव्हा आम्ही भावंडं डोळ्याला न दिसण्याइतकी बारीक होतो. पाणी नेईल तिकडं जायचं आणि पाण्यातलं हिरवं पीठ खायचं, एवढाच उद्योग. हिरवं पीठ म्हणजे तरंगणारं बारीक शेवाळ. समुद्रातलं गवतच म्हणा. बारके जीव ते खातात, बारक्यांना मासे खातात आणि माशांना तुम्ही. पुढं अंगावर कवच चढलं तशी मी तळाला उतरले आणि दगडावरचं शेवाळ खरवडून पोट भरू लागले.

माणसांना वाटतं, समुद्र केवढा मोठा, तिथं खाण्यापिण्याला काय तोटा! सहलीला आलेले लोक निळंशार पाणी बघून हरखून जायचे, फोटो काढायचे. मला हसू यायचं. निळंशार पाणी म्हणजे उपाशी पाणी. ते समुद्राचं माळरान. जिथं खरं खाणं असतं तिथलं पाणी हिरवट, गढुळलेलं दिसतं, आणि त्याच्यासोबत फोटो काढायला कुणी थांबत नाही.

पाण्यातलं पीक तुमच्या शेतासारखंच असतं. वरून ऊन लागतं आणि खालून खत. जे मरतं, सडतं ते तळाला जाऊन बसतं, तेच खत. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि दुधावर साय धरावी तसं वरच पसरून राहतं. मग ऊन रग्गड, पण खालचं खत वर येत नाही, आणि आमच्याकडं दुष्काळ. पावसाळी वारं सुटलं की कड्याबाहेरचं पाणी ढवळून निघायचं, खत वर यायचं, पण तेव्हा आभाळ झाकलेलं. आभाळ उघडलं की मात्र आठवड्याभरात पाणी हिरवं आणि आमची दिवाळी. उथळ पाण्याचं सुख असं की ऊन थेट तळापर्यंत येतं. दुःख असं की ते तापायलाही वेळ लागत नाही. एका वर्षी इतकं तापलं की प्रवाळ पांढरंफटक पडून मेलं. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ माजलं आणि आम्ही कवड्या अधाशासारख्या जेवलो. पुढच्या वादळात ते प्रवाळ कोसळलं, आणि लपायला जागाच उरली नाही तेव्हा आमचे डोळे उघडले.

आणखी एक आठवण आहे. एका कोंडलेल्या कोपऱ्यात बेटावरचं सांडपाणी उतरायचं. खत आयतंच मिळाल्यामुळं तिथलं पाणी पालकाच्या भाजीसारखं झालं. आम्ही म्हटलं, मज्जा आहे. मग चार दिवस आभाळ भरून राहिलं आणि वारा पडला. शेवाळ दिवसा उन्हात पाण्यात प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही आपल्यासारखा श्वास घेतं. ऊनच नसेल तर ते सोडणार काय? पाचव्या दिवशी पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून आ वासत होते. दुपारपर्यंत निम्मे उताणे झाले. हे ध्यानात ठेवा, कारण मला ते पुन्हा एकदा बघावं लागलं.

एका ओहोटीला एका बाईनं मला उचललं. त्यानंतरचे काही दिवस मी सांगत नाही. आतला जीव गेला, बाहेरची मी उरले. मग पोतं, बोट, मालगाडी, आणि तुळजापूरच्या एका दुकानात पाठ घासून भोक. माळ झाली, आणि ती माळ सखूबाईच्या गळ्यात पडली.

सखूबाई वाशीजवळच्या वस्तीवरची. दर मंगळवारी माळ घालून, परडी घेऊन पाच घरं जोगवा मागणार म्हणजे मागणारच, मग ऊन असो की ताप. तिचा माझ्यावर भारी विश्वास. माझा मात्र तिच्या सुतावर नव्हता, कारण ते ओवतानाच जुनं होतं. तिचा नवरा बिरदेव दीडशे मेंढरांचा मालक. मुलगा सुरज ढोकीच्या साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो. आणि सुरजची मुलगी वर्षाराणी, जिच्या कंपासपेटीत मी आत्ता आहे.

बिरदेवाच्या घरात एक रीत आहे. पोरगं मोठं झालं की नाही, हे तिथं वयावर ठरत नाही. त्याला एक कोकरू देतात. वर्षभर ते जगवून दाखवायचं. लांडगा आला, रोग आला, कसलीही सबब चालत नाही. जगलं तर बिरदेव स्वतः बाभळीची काठी तासून देतो आणि त्या पोराचा शब्द घरात चालू लागतो. मेलं तर नाही. सुरजचं कोकरू अकराव्या महिन्यात साप चावून मेलं. त्याला काठी मिळाली नाही. पुढं त्याची मुलगी बारावीला गेली, तरी घरात काही ठरवायचं असलं की तो उंबऱ्यावरच बसायचा आणि गप्प राहायचा.

गेल्या पावसाळ्यात वर्षाराणीनं घरात विषय काढला. तिला समुद्राकाठच्या कॉलेजात मत्स्यशास्त्र शिकायचं होतं.

"मासळीचं कालिज?" बिरदेवानं डोक्याचा पटका सारखा केला. "आता मासं बी शाळंत जायला लागले का काय?"

"मासे न्हाय आज्जा, म्या जाणार."

"जा की. आदी कोकरू."

"कोकरू नको. आपल्या शेततळ्यात मासे सोडू द्या. वर्षभर जगवते. न्हाय जगले तर कालिजाचं नाव काढणार न्हाय."

बिरदेवानं सुरजकडं पाहिलं, सुरजनं जमिनीकडं पाहिलं. "न्हाय जगले तर सबब सांगायची न्हाय," म्हातारा म्हणाला, आणि सौदा ठरला. बोटाएवढी पाचशे पिल्लं तळ्यात सुटली.

त्याच आठवड्यात सखूबाईचं सूत अखेर तुटलं. अंगणभर कवड्या. वर्षाराणीनं सगळ्या वेचून दिल्या आणि मला मात्र मुठीत ठेवलं. म्हणाली, "आज्जी, ही एक द्या मला. दोरीला बांधून पाण्यात सोडायचीय. किती खाली गेल्यावर दिसंनाशी होती त्यावरनं पाण्यात खाणं किती हाय ते कळतं."

"देवीची कवडी मासळीच्या पाण्यात?" सखूबाईनं कानावर हात ठेवले. "बाटवतीस का मला?"

"अवो, ती पाण्यातलीच हाय. समुद्रातनं आलीय."

सखूबाई वीस वर्षं मला मिरवत होती, पण मी कुठून आले हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तुम्ही तरी कुठं विचारता? तिनं मला तळहातावर घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "म्हंजी पानी तिचं माह्यार," ती म्हणाली. "मग जाऊन येऊ दे. पर माज्या माळंत परत पायजे." आणि नवी माळ ओवताना तिनं माझी जागा मोकळी सोडली, दोन्ही बाजूंना गाठी मारून.

अशी मी पुन्हा पाण्यात गेले. मला बुडवायला जोडीला एक लोखंडी नट बांधला आणि दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या. काम झालं की मला तळ्याकाठच्या बाभळीच्या फांदीला टांगायचे. समुद्र पाहिलेल्या जिवाला ते तळं म्हणजे वाटीभर पाणी, पण कायदे सगळे तेच. ऊन, खत, वारा. दोन विती खाली जाईपर्यंत मी दिसले तर पाणी ठीक. त्याच्याही खाली दिसत राहिले तर पाणी उपाशी, थोडं शेण टाकायचं. वीतभराच्या आत दिसेनाशी झाले तर खत जास्त झालं, हात आवरायचा. वर्षाराणी रोज सकाळी ओणवी होऊन मला सोडायची, वहीत लिहायची, आणि बिरदेव मेंढरं घेऊन जाता जाता मुद्दाम थांबायचा.

"ह्या नुसत्या पान्यात गवत उगवतं व्हय?" त्यानं एकदा विचारलं.

"उगवतं. डोळ्याला दिसत न्हाय एवढं बारीक. त्याला ऊन पायजे आन् खत पायजे."

"मंग मला काय शिकवतीस!" म्हातारा खुलला. "ज्या रानात आपली मेंढरं बसवली त्या रानाची जवारी बघ. लोक पाया पडून न्हेत्यात मेंढरं खतासाठी."

मला म्हातारा आवडला. समुद्रावर येणाऱ्या शिकलेल्या लोकांना जे उमगायला वर्षं लागली, ते याला दोन वाक्यांत उमगलं. पण अर्धं उमगणं फार वाईट. शेतात खत जास्त झाल्याचं त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

वर्ष सरत आलं. मासे हातभर झाले. कॉलेजची यादी लागली, तिच्यात वर्षाराणीचं नाव आलं, आणि ती दाखले काढायला धाराशिवला मावशीकडं गेली. दोन दिवसांचं काम होतं. सरकारी दाखल्याचं दोन दिवसांचं काम म्हणजे आठ दिवस, हे तुम्हाला सांगायला नको. जाताना तिनं मला बिरदेवाच्या हाती दिलं. "आज्जा, रोज सोडून बघा. दोन वितीवर दिसली की बास. बाकी कायबी करू नका."

"व्हय व्हय," बिरदेव म्हणाला.

पहिल्या दिवशी मी दोन वितींच्याही खाली दिसत होते. म्हातारा काळजीत पडला. पोरीची पिल्लं उपाशी! त्यानं एक टोपली लेंड्या पाण्यात ओतल्या. दुसऱ्या दिवशी आणखी एक. तिसऱ्या दिवशी दोन. मी रोज आधी दिसेनाशी होत होते आणि तो रोज जास्त खूश होत होता. "लई पीक आलंय," तो मेंढरांना सांगायचा. "चार बोटांवर कवडी गुडुप!" मला वाचा असती तर मी ओरडले असते. म्हातारा हे चोरून करत होता, सखूबाईलाही न सांगता. दुपारी मेंढरं बसली की तो माझ्याच फांदीखाली बसून बाभळीची एक काठी तासायचा, काचेच्या तुकड्यानं घासून घासून गुळगुळीत करायचा. परीक्षा घेणारा तोच, उत्तर पुरवणाराही तोच, आणि बक्षीस आधीच तयार! रीत मोडायची नव्हती, पण नातीला हरूही द्यायचं नव्हतं. एवढा प्रेमळ लबाड मी दुसरा पाहिला नाही.

आणि आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं झाकलेलं. चार दिवस सूर्य दिसला नाही. मला माझा तो कोंडलेला कोपरा आठवला आणि मी फांदीवर टांगल्या टांगल्या गार पडले.

पाचव्या दिवशी उजाडताना बिरदेव टोपली घेऊन आला. तळ्यात शेकडो तोंडं पाण्यावर आली होती, आ वासून. म्हातारा बघतच राहिला. मग त्याचा चेहरा फुलला. "आरं, भुकेजलीत लेकरं! वळखाय लागली मला," तो म्हणाला आणि टोपली उपडी करायला वाकला.

"आज्जा! टोपली खाली ठिवा!"

आदल्या संध्याकाळी उशिरा परतलेली वर्षाराणी धावत येत होती. त्या घरात बिरदेवावर कुणी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. त्यानंही नसावा, कारण त्यानं टोपली खरोखरच खाली ठेवली. तिनं मला ओढून पाण्यात सोडलं. तीन बोटांवर मी अंधारात गेले.

"खत कुणी टाकलं?"

बिरदेव बाभळीकडं बघू लागला. मागून आलेल्या सखूबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अवो, धोतराला काय लागलंय तुमच्या?"

"थोडंसं टाकलं," म्हातारा पुटपुटला. "भुकेली हैत गं ती. मागाय लागलीत."

"मागत न्हाईत आज्जा, मरायला लागलीत! पाण्यात हवा न्हाय. श्वास घ्यायला वर आलीत."

बिरदेवाचं तोंडही मग त्या माशांसारखंच उघडं राहिलं. माझी थट्टेची सवय, पण त्या क्षणी मला थट्टा सुचली नाही.

विहिरीवरची मोटार होती, पण लाईट दुपारी एकला येणार होती. वर्षाराणीनं शेजारच्या धनाजीकडं डिझेल इंजिनसाठी सुरजला पिटाळलं आणि स्वतः घागर घेऊन तळ्याच्या उतरत्या काठावर कंबरभर पाण्यात शिरली. घागर भरायची, उंच धरायची, धारेनं ओतायची. पाणी हवेतून पडलं की हवा घेऊन पडतं. सखूबाईनं परात आणली, माळ पाठीवर टाकली आणि देवीचं नाव घेत पाणी उडवू लागली. बिरदेवानं काठीनं पाणी झोडपायला सुरुवात केली. जन्मभर मेंढरं पाण्यातून बाहेर हाकणारा माणूस पाण्यालाच हाकत होता आणि रडत होता. दीडशे मेंढरं काठावर उभी राहून मालकाला काय झालं ते बघत होती.

तासाभरानं इंजिन आलं. विहिरीचं ताजं पाणी धो धो तळ्यात पडू लागलं. नवाच्या सुमाराला ढगाला भोक पडून ऊन आलं. दुपारी तोंडं एकेक करून खाली गेली.

उताणे मासे वर्षाराणीनं काठावर ओळीनं मांडले. एकोणचाळीस. सगळे घरी परतले तेव्हा ती ओल्या कपड्यांनीच घरात बसली. मी तिच्या मुठीत होते.

"म्या हरले आज्जा," ती म्हणाली. "सबब सांगायची न्हाय असं ठरलं हुतं."

सुरज नेहमीसारखा उंबऱ्यावर होता. पण आज गप्प बसला नाही. "दादा, तिची चूक न्हाय," तो बापाला म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकला.

बिरदेव उठला. आतल्या खोलीत गेला आणि तासलेली काठी घेऊन आला.

"मेली ती माजी," तो म्हणाला. "जगली ती तुजी." त्यानं काठी तिच्या मांडीवर ठेवली. मग सुरजकडं वळला. "आन् तुजं कोकरू सापानं मारलं हुतं. तू न्हाय मारलंस. हे म्या तवाच बोलायला पायजे हुतं. हितं आत येऊन बस."

सुरज आत येऊन बसला. सखूबाईनं डोळ्यांना पदर लावला, आणि मग लगेच नवऱ्याला म्हणाली की धोतर आधी धुवायला टाका.

आज सकाळी आम्ही निघताना सखूबाईनं मला परत मागितलं नाही. माळ हातात घेऊन दोन गाठींमधली मोकळी जागा नातीला दाखवली. "हिला माह्यार दाखीव," ती म्हणाली, "पर तिथं सोडून येऊ नको. जागा ठिवलीया. तुजी बी."

तर अशी मी समुद्राकडं निघालेय. मला लाटांत सोडून द्यावं अशी माझी मुळीच इच्छा नाही. मेलेलं कवच पाण्यात टाकून कवडी जिवंत होत नसते. मला फक्त दोरीला बांधून एकदा त्या पाण्यात सोडा, किती खाली दिसते ते बघा आणि वर घ्या. आणि तुम्हाला एक विनवणी. पाणी शेतातलं असो की समुद्राचं, त्याच्यावर माया करायच्या आधी ते काय म्हणतंय ते विचारा. आमच्या म्हाताऱ्यासारखी घाई करू नका. आणि तुळजापुरात हल्ली प्लास्टिकच्या कवड्या मिळतात; सखूबाईला भेटलात तर माझ्या जागेवर त्यातली ओवायचं तेवढं सुचवू नका.

बार्शी आली वाटतं. कंडक्टर तिकीट तपासत आलाय आणि सीटला टेकलेली काठी बघून हसतोय.

"काय ताई, काठी घेऊन निघालात. मेंढरं कुठायत?"

वर्षाराणीनं खिडकीबाहेर पाहिलं, कंपासपेटीवर हात ठेवला आणि म्हणाली, "पुढं हैत. समुद्रात."